पाण्याखालचे मालवण लोकांना दिसू द्या

महोदय,

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला, तरी होडीने किल्ल्यावर जाणाऱ्या बहुतेकांना खाली जिवंत प्रवाळ आहे याची कल्पना नसते. तेथील एका छायाचित्रात प्रवाळाच्या फटीत अडकलेला जाळ्याचा हिरवा तुकडा आणि त्याच्या आडोशाला बोटभर पट्टेरी मासा पाहिला, तेव्हा मला जे उमगले ते कोणत्याही सूचनाफलकाने उमगले नव्हते. पाण्यात तांबडा रंग सर्वांत आधी लोपतो, म्हणून सोबत दिवा नेल्याशिवाय प्रवाळाचे खरे रंग टिपता येत नाहीत. हे कसब स्थानिक तरुणांना शिकवून त्यांची छायाचित्रे मालवणच्या जेटीवर, होडीची वाट पाहणाऱ्यांसमोर लावावीत. मात्र छायाचित्रापायी प्रवाळावर पाय ठेवणाऱ्यांना सक्त मनाई हवीच.

– एक वाचक, मालवण