'इतर'वर रेघ मारणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही. सरकारी नोकरीत नुसतं कौतुक छापून आलं तरी कुणाच्या तरी डोळ्यावर येतं, हे एसटीत तेवीस वर्षं काढलेल्या माणसाला सांगायला नको. मंगळवारी दुपारी, जेवणाची सुट्टी व्हायच्या बेतात, तुमच्या टेबलापाशी तीन म्हातारे आणि मंगळवेढ्याकडच्या नऊवारीतल्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. एवढ्या खुणेवर तुम्हाला पटेल. वयाने माझ्या धाकट्या लेकीपेक्षा लहान असाल, पण ताईच म्हणतो.

त्या दिवशी धड आभारसुद्धा मानले नाहीत. "बरंय, येतो," म्हणालो आणि जिना उतरलो. खाली उसाच्या रसाच्या गाड्यावर बसलो, तर चौघांतलं कुणी बोलेना. रसवाला दोनदा विचारून गेला, बर्फ घालू का नको. तेव्हा आमचा मोहोळकर म्हणाला, "पोरीनं पट्टी घेऊन रेघ मारली बघ." आणि पुन्हा गप्प.

काम कसलं होतं, किती खेटे झाले, ते सांगत बसत नाही. कागद, शिक्का, झेरॉक्स सगळ्यांच्याच नशिबी असतं. मला फक्त त्या रेघेबद्दल लिहायचंय.

अर्जात एक रकाना होता, कोणत्या युद्धात किंवा मोहिमेत भाग घेतला त्याचा. छापलेलं होतं १९६२, १९६५, १९७१, कारगिल, आणि सगळ्यात खाली 'इतर'. असले जेवढे कागद आम्ही आजवर भरले, त्या प्रत्येकावर समोरच्याने आम्हाला काही न विचारता 'इतर'वर खूण करून टाकलेली आहे. आपण चष्मा काढेपर्यंत खूण झालेली असते. तुम्ही पेन उचललंत, थांबलात आणि विचारलंत, "काका, इतर म्हणजे कुठं?"

आम्ही तिघं तिकडे गेलेल्या भारतीय शांतिसेनेतले. मी म्हणालो, "श्रीलंका." आणि नेहमीचं काय येतंय याची वाट बघत राहिलो.

नेहमीचं म्हणजे, "तिथं युद्ध झालं होतं का?" किंवा, "शांतिसेना म्हणजे बंदोबस्तच ना ओ?" डेपोतले काही जण तर मला बघितलं की हटकून म्हणायचे, "लंकेत सोन्याच्या विटा. एखादी तरी आणायची की, ड्रायव्हरसाहेब!" हसण्यावारी नेलं. पण त्या नऊवारीतल्या बाईंचा, आमच्या वहिनींचा, मालक तिकडे गेला आणि परत आला नाही, त्यांनी 'लंकेत गेले' म्हटलं की बाया तोंडाला पदर लावायच्या. मग त्यांनी सांगायचंच सोडलं. मिलिटरीत होते, वारले, एवढंच म्हणायच्या.

एका वर्षी गावात २६ जुलैचा, कारगिल विजय दिनाचा, मोठा कार्यक्रम होता. आम्हा तिघांना आग्रहाने बोलावलं, पुढच्या रांगेत बसवलं. सूत्रसंचालक युद्धाच्या नावाने एकेकाला उठवत होता, शाल, नारळ, टाळ्या. कारगिल झालं आणि आभार प्रदर्शन सुरू झालं. आम्ही मांडीवर हात ठेवून बसलेले. नंतर आयोजकांपैकी एक जण येऊन कानाशी म्हणाला, "तुमचं ते आपलं युद्ध नव्हतं ना, म्हणून जरा गोंधळ झाला. परमवीर वगैरे मिळालं होतं का त्यात कुणाला?" मोहोळकर महार रेजिमेंटचा. तो उभा राहिला आणि हजेरी दिल्यासारखा म्हणाला, "मेजर रामस्वामी परमेश्वरन, ८ महार. २५ नोव्हेंबर १९८७. मरणोत्तर." त्यावर आयोजक म्हणाला, "असं होय! पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी बोलावणंच आलं नाही. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना वळसा घातल्याशिवाय ज्या गावाचा दिवस जात नाही, त्या गावातली ही गोष्ट.

तुम्ही मात्र विचारलंत, "मोहिमेचं नाव काय होतं?" मी म्हणालो, "ऑपरेशन पवन." तुम्ही ड्रॉवरमधून पट्टी काढलीत, 'इतर'वर सरळ आडवी रेघ मारलीत आणि शेजारच्या कोऱ्या जागेत गोल अक्षरात लिहिलंत, 'ऑपरेशन पवन, श्रीलंका, १९८७ ते १९९०'. मग कागद आमच्या बाजूला फिरवलात. "बरोबर आहे का बघा काका. चुकलं असलं तर दुसऱ्या फॉर्मवर पुन्हा लिहिते."

आम्हाला कुणी असं कधी विचारलं नव्हतं, ताई. बरोबर आहे का बघा.

वहिनी मागून म्हणाल्या, "काय लिवलंय? वाच की, बाय." लांबूनही वाचता आलं असतं. तुम्ही खुर्चीतून उठलात, टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी आलात आणि एकेका शब्दाखाली पेनाचं टोक धरून वाचलंत. त्या म्हणाल्या, "आन् त्येंचं नाव?" तुम्ही नावही वाचलंत, नंबर, हुद्दा, गाव, सगळं. "आता पुन्यांदा." पुन्हा वाचलंत. तुमच्या मागे डबे उघडल्याचा आवाज येत होता, कुणीतरी तुम्हाला जेवायला हाकसुद्धा मारली.

ते नाव कुणाचं, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि आम्हीही सांगितलं नाही. आता सांगतो. त्याआधी थोडं त्या युद्धाचं.

आम्ही तिघं दर रविवारी सकाळी किल्ल्याच्या बागेत बसतो. ते युद्ध नेमकं कधी सुरू झालं, यावर आमचं अजून एकमत नाही. २९ जुलै १९८७ ला भारत आणि श्रीलंकेचा कोलंबोत करार झाला आणि दुसऱ्या दिवसापासून उत्तरेला जाफन्याजवळच्या पलालीच्या विमानतळावर आपल्या तुकड्या उतरू लागल्या. सिकंदराबादची ५४ डिव्हिजन पहिली. काम काय, तर वाघांची, म्हणजे एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांची, शस्त्रं जमा होताना बघायचं आणि लंकेचं सैन्य बराकीत राहील हे बघायचं. जाफन्यातल्या लोकांनी आमच्या गळ्यात हार घातले होते. महिन्या-दोन महिन्यांत परत येतो, असं मी घरी लिहिलं होतं.

बार्शीकर म्हणतो, २६ सप्टेंबरला फिरलं. तिलीपन नावाचा वाघांचा पोरगा नल्लूरच्या देवळापाशी पाणीसुद्धा न घेता उपोषणाला बसला होता, तो त्या दिवशी गेला, आणि हार घालणाऱ्या बायका आमच्याकडे बघेनाशा झाल्या. मोहोळकर म्हणतो, ५ ऑक्टोबर. लंकेच्या नौदलाने पकडलेल्या वाघांना कोलंबोला न्यायचं ठरलं आणि पलालीच्या तळावर त्यांनी सायनाइड चावलं. बारा जण मेले, त्यांचे म्होरके पुलेंद्रन आणि कुमारप्पा त्यातलेच. पाच दिवसांनी, १० ऑक्टोबरला, जाफना घ्यायची लढाई सुरू झाली. ११ तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने माणसं उतरवली. १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे ३० जवान उतरले. २९ मेले, एक कैद झाला. मोहोळकर तेव्हा पलालीत होता. भोकं पडलेली हेलिकॉप्टरं परत येताना त्याने बघितली. त्याच्यापुढे तारखेवरून कोण वाद घालणार? पण बार्शीकर घालतो.

मी शक्तिमान ट्रकचा ड्रायव्हर. नकाशावर युद्ध कसं वाढलं ते साहेबलोकांना ठाऊक. मला ते पोत्यांवरून कळलं. ऑगस्टमध्ये केबिनमध्ये पायाखाली नुसता पत्रा होता. मग वाळूच्या पोत्यांचा एक थर टाकायचा हुकूम आला, खाली सुरुंग उडाला तर पाय वाचावेत म्हणून. मग दोन थर. मग मागे हौद्यातही. शेवटी गुडघे स्टिअरिंगला लागायला लागले. पहिल्यांदा कानवाई, म्हणजे गाड्यांचा ताफा, नुसती सुटायची, नंतर रोड ओपनिंगवाले पुढे चालत जाऊन वाट मोकळी करेपर्यंत तासन्‌तास उभी. एका डिव्हिजनच्या चार झाल्या, माणसं ७०,००० च्या वर गेली. हातात रायफल आपली जुनी एसएलआर, समोरच्याच्या हातात एके-४७. 'आता परत निघायचं' ऐवजी दर वेळी 'अजून एक डिव्हिजन येतेय' एवढंच कानावर यायचं.

आपल्या हातून तिथे जे झालं तेही लिहितो, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. २१ ऑक्टोबरला जाफन्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर, नर्स आणि रुग्ण मारले गेले. आम्ही तिघंही तिथे नव्हतो. तेवढं म्हणून अंगावरचं जात नाही. सत्कारात शाल घालून 'शूर जवान' म्हणणाऱ्यांना हे ऐकायचं नसतं, आणि 'ते आपलं युद्ध नव्हतं' म्हणणाऱ्यांना काहीच ऐकायचं नसतं.

ते नाव वहिनींच्या मालकाचं. तो माझ्या पुढच्या गाडीवर होता. रजेवरून परत निघताना आम्ही दोघं सोलापूर स्टेशनावर मद्रासच्या गाडीत बसलो होतो, त्याच्या पिट्ठूत आईने दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. मालदांडी ज्वारीची भाकरी, महिनाभर काही होत नाही तिला. वावुनियाच्या पुढे आम्ही ती चहात बुडवून खाल्ली. १९८८ चा नोव्हेंबर. तिकडचा पाऊस आपला संपल्यावर येतो. ओल्या रस्त्यावर उकरलेली माती आणि न उकरलेली माती एकसारखीच दिसते. रस्त्यातल्या मोरीवर सुरुंगाने त्याची गाडी गेली. पोत्यांचे दोन्ही थर होते. त्याच्या पिट्ठूत दोन भाकऱ्या उरल्या होत्या, त्यांचं काय करायचं हे कुणालाच कळेना.

शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला तिथून निघाली. तोवर साडेअकराशेच्या वर माणसं गेली होती. ज्या देशाच्या सरकारने करार करून आम्हाला बोलावलं, त्याच देशाच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी, प्रेमदासांनी, १९८९ मध्ये 'निघा' म्हणून सांगितलं. आणि त्याच देशाने पुढे संसदेजवळ आपल्या जवानांचं स्मारक बांधलं, दगडावर नावं कोरली. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर ऑपरेशन पवनची नावं आली, पण ते स्मारकच उघडलं २०१९ च्या फेब्रुवारीत. सोलापूरच्या अर्जात तर मंगळवारपर्यंत 'इतर'च होतं.

एसटीत लागल्यावर अक्कलकोट, तुळजापूर, जिकडे गाडी न्यावी तिकडे मोऱ्याच मोऱ्या. प्रत्येक मोरीआधी माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. पाशिंजर शिव्या द्यायचे, वर तक्रारीही गेल्या. एका मोठ्या साहेबाने तर विचारलं, "तुम्हाला दिसत नाही का नीट?" पण होटगीकडचा एक कंडक्टर होता. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. मोरी जवळ आली की तो मुद्दाम मोठ्याने "तिकीट, तिकीट, सुट्टे काढा!" म्हणून गोंधळ घालायचा, म्हणजे गाडी हळू झालेली लोकांच्या ध्यानात येऊ नये. चार वर्षं आम्ही एका ड्यूटीवर होतो, या गोष्टीवर एक शब्द झाला नाही. तुम्ही पट्टी काढलीत तेव्हा मला तो आठवला. अशी माणसं मोजून थोडी भेटली, पण ज्या त्या वेळेला भेटली. बाकीच्यांनी काही वाईट केलं असं नाही, ताई. त्यांनी खूण केली आणि पुढचा कागद घेतला.

अजून एक. तुम्ही आमच्याबरोबर फोटो काढला नाहीत. 'जय हिंद' म्हणून सलाम ठोकला नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दारूकामाला मी होम मैदानावर जात नाही, नातवाला सून घेऊन जाते. आवाज फार झाला की मी घरात बसतो. तुमच्या टेबलापाशी आवाज नव्हता.

निघताना तुम्ही वहिनींना विचारलंत, "मावशी, परत जायला गाडी आहे ना?" आणि मग मला, "काका, पवन म्हणजे वाराच ना? युद्धाला असं नाव कसं काय दिलं?" मी जिन्यात थांबलो, पण उत्तर आलं नाही. रविवारी किल्ल्याच्या बागेत विषय काढला. बार्शीकर म्हणाला, मारुतीवरून असेल, पवनपुत्र लंकेत गेला होता ना. मोहोळकर म्हणाला, दिल्लीत कुणीतरी चिठ्ठी काढली असेल. अर्धा तास वाद झाला. तीन वर्षं त्या नावाखाली राहिलो आणि हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं.

खरं काय ते कळलं की सांगायला येईन. वहिनींनी कडक भाकरी आणि चटणीचा डबा पाठवायचं ठरवलंय. काम होऊन गेलंय, तेव्हा त्याला लाच म्हणता येणार नाही. नाही म्हणू नका.

तुमचा,
एक माजी सैनिक, निवृत्त एसटी चालक
सोलापूर