तुझे स्टँड माळ्यावरून खाली काढले

गिरगाव, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय दिल्या,

तुला न विचारता एक गोष्ट केली आहे, ती आधी सांगतो. नाशिकला जाताना तू आमच्या माळ्यावर ठेवून गेलेले ड्रम सेटच्या थाळ्यांचे, म्हणजे सिंबलचे, तिन्ही स्टँड मी खाली काढले. गोणपाटात बांधले होतेस, तसेच होते. दोन ठणठणीत आहेत, तिसऱ्याच्या बूमला, वरच्या आडव्या दांडीला, गंज चढलाय. शिलाई मशीनचं तेल लावून पुसले. कल ठरवणाऱ्या टिल्टरचे दाते अजून पक्के धरतात.

परवा फोनवर म्हणालास, लेकीसाठी इलेक्ट्रॉनिक ड्रम सेट बघतोयस. फोनवर सगळं सांगून होणार नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय. मीही तसाच सेट घेतलाय, जुना. भिंतीपलीकडे काकूंचा पलंग आहे, खरा सेट या खोलीत वाजवणं शक्यच नव्हतं. (पेडलचा धपका मात्र खालच्या मजल्यावर जातोच. जाड रबरी मॅट सेटबरोबरच घे.) सेटबरोबर रॅक आला, पण त्याचे सिंबलचे दांडे आखूड. ऑर्केस्ट्रात इतकी वर्षं राइड, ती मोठी सिंबल, जिथे असायची, तिथे हात जायचा आणि तिच्या जागचं रबरी पॅड वीतभर अलीकडे असायचं. तेव्हा तुझे स्टँड आठवले.

जुन्या सवयीने लावले. वॉशर, फेल्टची मऊ चकती, प्लॅस्टिकची नळी, पॅड, वर फेल्ट, हाताने आवळायचा विंगनट. मंडळाच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्यात क्रॅश सिंबलचं पॅड गप्प झालं. मारतोय, मारतोय, काही नाही. गाणं संपल्यावर वाकून पाहिलं तर पॅड अर्धं फिरलेलं, केबलने स्टँडला दोन वेढे घातलेले आणि जॅक वाकडा. घरी येऊन पॅड उघडलं. आतला सोल्डरचा एक टाका तुटून वायर लोंबत होती. फार जिवाला लागलं रे. पॅडचा काही दोष नव्हता. मी ते पितळी सिंबलसारखं टांगलं, तिथेच चुकलं.

पितळी सिंबल गोल फिरली तरी बिघडत नाही, चारी बाजूंनी सारखीच वाजते. या पॅडला मात्र पुढची आणि मागची बाजू असते. रबराखाली एक पिएझो सेन्सर असतो, तो ठोका किती जोराचा ते सांगतो. कडेला पट्टीसारखा स्विच असतो, तो दाबला गेला की मॉड्यूलला, म्हणजे आवाज काढणाऱ्या डब्याला, कळतं की ठोका कडेवर पडला. कड चिमटीत धरून आवाज तोडतो ना आपण, तो चोकही त्याच पट्टीवर चालतो. बऱ्याच पॅडांत ही पट्टी फक्त वाजवणाऱ्याच्या बाजूला असते आणि जॅक पलीकडे. म्हणजे पॅड फिरलं की कड आणि चोक दोन्ही हातातून गेले, वर केबलला पीळ. आणि ते फिरणारच. आपला ठोका तिरका पडतो, प्रत्येक ठोक्याला थोडा रेटा बसतो. त्यात जॅकची बाजू जड, केबलचं ओझंही तिकडेच. स्टँड आपल्याकडे कलवला की जड बाजू वर जाते आणि संधी मिळेल तशी खाली यायला बघते. म्हणून लेकीचं पॅड फार कलवू नकोस.

पहिल्यांदा मी विंगनट आवळला. तू तसं करू नकोस. फेल्ट चेपलं, पॅड फळीसारखं ताठ झालं, आठवड्यात मनगट दुखायला लागलं. शिवाय ठोक्याचा हादरा दांड्यातून स्टँडमध्ये, तिथून शेजारच्या पॅडमध्ये. टॉम ड्रमच्या पॅडवर मारलं की क्रॅशही बोलायचा. मॉड्यूलमध्ये हा क्रॉसटॉक कमी करायची सोय असते, पण ती वाढवत नेली की हलके ठोके गिळले जातात. तो आजार मुळातच नको.

खरा उपाय स्टॉपर. दांड्यावर बसणारा छोटा तुकडा असतो, बाजूच्या स्क्रूने दांड्याला पकडतो, ड्रमच्या चावीने आवळायचा. त्याचे कान पॅडच्या पोटातल्या खाचेत बसतात. पॅड वर-खाली डोलतं, पण गोल फिरत नाही. माझ्या सेटमधून नेमका तोच हरवलेला होता. जुना सेट घेणार असशील तर आधी पॅड उलटं करून खाच बघ आणि स्टॉपर माग. स्टँडचं खालचं फेल्ट आणि नळी काढून टाकायची, स्टॉपर थेट लोखंडावर बसला पाहिजे. मी फेल्ट राहू दिलं होतं, तो त्याच्यावर बसून डुलत राहिला.

आता दांड्याची जाडी. तुझे दोन स्टँड ८ मिलिमीटरचे आहेत, गंजका ६ चा. ८ च्या भोकाचा स्टॉपर त्याच्यावर खुळखुळतो, स्क्रू कितीही आवळ. लॅमिंग्टन रोडवरून गरम केल्यावर आकसणारी हीट श्रिंकची नळी आणली, दांड्यावर एकावर एक तीन थर आकसवून बसवले, मग स्टॉपरने धरलं. राइडच्या पॅडला खाचच नव्हती. त्याच्यासाठी नागदेवी स्ट्रीटला जाऊन रबरी नळीचा तुकडा आणला. दुकानदाराला दांडा दाखवायला बूमचा वरचा भाग पिशवीत घालून नेला होता. त्याने चार नळ्या घालून बघितल्या आणि पाचवी हातात दिली. ती दांड्यावर घट्ट बसते आणि पॅडच्या भोकालाही आतून पकडते. स्टॉपरइतकं पक्कं नाही, पण दोन गाण्यांमध्ये हाताने सरळ करायची पाळी येत नाही.

एवढं करूनही एकदा पॅड फिरलंच. तास गेला समजायला. पॅड दांड्यावर जागच्या जागी होतं, दांडाच बूमसकट स्टँडच्या नळीत फिरत होता. म्हणून खालपासून वरपर्यंत प्रत्येक सांधा तपास. पॅडच्या दोन्ही कडा स्टिअरिंगसारख्या धर, हलकेच पिळ आणि नजर पॅडवर नाही, स्टँडवर ठेव. जिथे हलेल तिथे आवळ. बूमच्या खाली तिपाईचा एक पाय येऊ दे.

केबलला पॅड धरायला लावू नकोस. जॅकपाशी तळहाताएवढा सैल झोल सोड, मग वेल्क्रोच्या पट्टीने स्टँडला बांध. कड दाबून पॅड डोलवून बघ. केबल ताणली गेली तर झोल कमी आहे. आणि केबल स्टीरिओच हवी. तुटलेला टाका मी घरीच लावला, पण घाईत मोनो केबल जोडली आणि कड मुकी राहिली. वाटलं टाकाच कच्चा. पुन्हा पॅड उघडून बसलो.

परवा रात्री हेडफोन लावून तासभर वाजवलं. राइड हाताखाली जिथे हवी तिथेच. डोळे मिटूनही चुकली नाही. तू समोर कीबोर्डवर असायचास तसंच वाटलं.

सेट आला की ८ चे दोन्ही स्टँड घेऊन जा, लेकीला तेच दे. मी रॅकवर क्लॅम्प लावून भागवीन. गंजका मात्र माझ्याकडे राहू दे. त्याचा ६ चा विंगनट गोणपाटात सापडला नाही, तुझ्या जुन्या काठ्यांच्या पिशवीत असेल तर येताना आठवणीने आण. सध्या तिथे दोरा गुंडाळून बांधलाय.

वहिनींना नमस्कार, लेकीला खूप आशीर्वाद.

तुझा,
सुध्या