आक्का, माझं दुखणं तुम्ही खरं मानलंत

गावभाग, सांगली

आदरणीय आक्कांना,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय. दुकानात ब्लाऊजपीस बघता बघता बायका बोलतात. पावसाळा तोंडावर आला की पोटात गोळा येतो, जेवण जात नाही, सकाळी संडासच्या फेऱ्या संपत नाहीत. मारुती चौकातल्या, सांगलीवाडीच्या, दत्तनगरच्या. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांच्याही कानावर जावं असं मला मनापासून वाटतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. दुकानाचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. चिखल काढला, कर्ज काढलं, माल भरला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. दुकान दोन्ही वेळा सावरलं, पोट मात्र सावरलं नाही. सकाळी डोळा उघडला की पोटात पीळ पडायचा. दोन घास खाल्ले की पोट तट्ट फुगायचं. कोयनेतून विसर्ग वाढवला अशी बातमी आली की हातातलं टाकून आत पळायचं. एसटीनं लांब जायचं म्हटलं की मधेच उतरावं लागलं तर काय, या भीतीनं माहेरची लग्नंसुद्धा चुकली.

ओवा झाला, हिंग झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या. बेंबी सरकलीय म्हणून शेजारच्या आजींनी पोट चोळून दिलं. मग रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, दुर्बिणीची तपासणी झाली. सगळं नॉर्मल. एका दवाखान्यात रिपोर्ट माझ्यापुढं सरकवून सांगितलं, "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." घरच्यांना हायसं वाटलं. मला मात्र धड आजारी नाही आणि धड बरीही नाही असं होऊन गेलं, कारण कळ तर येतच होती.

तुम्ही आमच्या मागच्या वाड्यात राहायला आलात ते माझं नशीब. मिरजेत उभा जन्म नर्सिंगमध्ये गेलेला, त्यामुळं माणूस कसा उभा आहे यावरून तुम्हाला कळतं. भर सकाळी गिऱ्हाईक सोडून मी शटर ओढताना तुम्ही पाहिलंत. "पोट मनाचं ऐकतंय बाई तुझं" वगैरे काही म्हणाला नाहीत. आधी प्रश्न विचारलेत. झोपेतून पोटदुखीनं जाग येते का? वजन आपोआप उतरलंय का? शौचातून रक्त जातं का, काळी होते का? हिमोग्लोबिन कमी आहे का? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का? यातलं एकही "हो" आलं, किंवा पंचेचाळिशी उलटल्यावर पोटाची सवय नव्यानं बदलली, तर ताणावर ढकलायचं नाही, थेट डॉक्टर गाठायचा, हे तुम्ही बजावलंत. ज्यांना हे पत्र वाचून हायसं वाटतंय, त्यांनी हे आधी वाचावं.

माझी सगळी उत्तरं "नाही" आली. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग दुखतंय ते खरंच दुखतंय. फक्त ते दुर्बिणीत दिसणारं नाही."

आक्का, त्या दिवशी दुकानातल्या गादीवर बसून तुम्ही जे समजावलंत ते मला कुणी सांगितलं नव्हतं. अन्ननलिकेपासून खालपर्यंत पोटाला स्वतःच्या मज्जातंतूंचं जाळं असतं, त्यात कोट्यवधी पेशी असतात. मेंदू आणि पोट यांना जोडणारी व्हेगस नावाची नस आहे, आणि तिच्यातले बरेचसे निरोप खालून वर जातात, पोटाकडून मेंदूकडं. माणूस धास्तावला की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि मोठं आतडं घाई करतं. म्हणून एकाच वेळी वर भरल्यासारखं वाटतं आणि खाली कळ येते. शिवाय ताण लांबला की आतड्याच्या नसा हळव्या होतात. दुसऱ्याच्या पोटात तेवढाच गॅस फिरतो आणि त्याला पत्ताही लागत नाही, मला मात्र त्यानं घाम फुटतो. इतकी वर्षं जे अंगावर काढलं त्याला कारण आहे हे कळल्यावरच मला निम्मं बरं वाटलं. हे समजावायला दहा मिनिटं लागतात. रुग्णाला ती दहा मिनिटं मिळायलाच हवीत, असं माझं ठाम मत झालंय.

मग तुम्ही मला तिथंच आडवं केलंत, पोटावर पावतीपुस्तक ठेवलंत आणि म्हणालात, "पुस्तक वर गेलं पाहिजे, खांदे नाही." मी श्वास घेतला तर पुस्तक जागचं हललं नाही, छातीच तेवढी उचलली. तुम्ही बरगडीच्या खाली तळहात टेकवलात. "माझा हात ढकल." नाकानं सावकाश आत, आणि त्याहून सावकाश बाहेर. तुमची नजर मनगटावरच्या घड्याळावर, ओठ मोजताना हलत होते. पुस्तक पहिल्यांदा उचललं गेलं तेव्हा तुम्ही नुसतं "हं" केलंत. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी मी अजून तेच करते.

पोटाच्या डॉक्टरांकडं तुम्हीच घेऊन गेलात. त्यांनी आयबीएस असं नाव लिहिलं, म्हणजे तपासणीत काही दिसत नाही पण पोट दुखतं आणि संडासची सवय बिघडते असं दुखणं. इसबगोल दिलं, ते भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं, आणि रात्रीची अगदी लहान डोसची एक गोळी दिली. ती गोळी जास्त डोसमध्ये नैराश्यावर देतात हे घरात कळलं आणि "वेड्याचं औषध कशाला" सुरू झालं. तुम्ही येऊन सासूबाईंशेजारी बसलात आणि एवढ्या कमी डोसमध्ये ती पोटाच्या नसांची कळ कमी करते, तोंड थोडं कोरडं पडेल, सकाळी थोडी सुस्ती येईल, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मनानं बंद करायची नाही, हे इतकं शांतपणे सांगितलंत की दुसऱ्या दिवसापासून सासूबाईच गोळीची आठवण करायला लागल्या.

खाण्याचंही तसंच. मी तर भाकरी आणि मऊ भात यावरच आले होते. तुम्ही वही घालायला लावलीत. काय खाल्लं, झोप कशी झाली, कशाची धास्ती होती, तिन्ही एका ओळीत. त्यातून दिसलं की उपाशीपोटी चहा, कच्चा कांदा आणि लसणाचा मारा मला सोसत नाही. पण महिन्यानंतर एकेक पदार्थ परत आणायचा हट्टही तुमचाच. पानातून सगळं काढून टाकलं की भीतीच वाढते, म्हणालात. आता भडंगसुद्धा मूठभर खाते.

सगळ्यात मोठं काम मात्र औषधातलं नव्हतं. दिवसभर फोनवर पाण्याची पातळी बघायची माझी सवय तुम्ही मोडलीत. सकाळ-संध्याकाळ एकेकदा, आणि तीही सरकारी आकडेवारी. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. आपण दोघींनी कागदावर लिहून काढलं: ३० फुटांना साड्यांचे गठ्ठे माडीवर, ३५ ला वह्या, बिलं आणि शिलाई मशीन, ४० ला माणसं विश्रामबागला नणंदेकडं. तो कागद दुकानाच्या दाराच्या आतल्या बाजूला आहे. खाली तुमच्या अक्षरात टेलि-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर. रात्री-अपरात्री फोन लागतो, मराठीत बोलता येतं. मी एकदा केलाय, रडत केला होता, पलीकडच्या बाईंनी ऐकून घेतलं.

गेल्या पावसाळ्यात पाणी चढू लागलं तेव्हा पोटात कालवलंच. पण गठ्ठे वर नेले, श्वास घेतला, जेवले. पूर्वी अशा दिवसांत मी जेवू शकत नव्हते. आजही वाईट दिवस येतात, तुम्ही आधीच सांगितलं होतं की येतील.

एक काम आहे. नणंदेची मुलगी बारावीला आहे, परीक्षा जवळ आली की तिचंही असंच होतं. तुमचे सगळे प्रश्न मी तिला विचारले. वजन उतरलंय म्हणाली, म्हणून आधी डॉक्टरांकडं नेलं, तपासण्या चालू आहेत. रिपोर्ट आले की तिला तुमच्याकडं घेऊन येऊ का? रविवारी जेवणं उरकल्यावर आलो तर तुमची दुपारची झोप मोडणार नाही ना, तेवढं कळवा.

तुमची,
पुढच्या गल्लीतली दुकानवाली