थंडी खोलगट रानात, अंदाज मात्र जिल्ह्याचा : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
प्रत : मा. ऊर्जामंत्री

साहेब, नमस्कार.

दिवाळी सरली. लवकर छाटलेल्या द्राक्षबागांत मणी धरू लागले आहेत, उशिराच्या बागा अजून पोंग्यातून, म्हणजे डोळे फुटण्याच्या अवस्थेतून, पुढे सरकत आहेत. डिसेंबरच्या तोंडावर हवामान खात्याचा हंगामी अंदाज येईल : किमान तापमान सरासरीच्या वर की खाली, थंडीच्या लाटेचे दिवस कमी की जास्त. ला निनावर चर्चा झडतील. हंगामाचा कल त्यातून कळतो, नाही असे नाही. पण तीन महिन्यांची सरासरी उबदार निघाली तरी मधल्या दोन रात्री बाग घालवतात, आणि त्या दोन रात्री कोणत्या हे हंगामी अंदाज सांगत नाही. तो त्याचा दोष नाही, ते त्याचे कामच नव्हे. ते काम ज्यांचे आहे त्यांच्याबद्दल हे पत्र.

निफाडची थंडी बातमीत दर वर्षी येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर 2018 च्या डिसेंबरअखेर पारा 2 अंशांच्या खाली गेला होता. नाशिक शहराची 0.6 अंशांची नोंद 7 जानेवारी 1945 ची. म्हणजे हे नवे संकट नाही. गव्हाला तर हीच थंडी मानवते. नवे आहे ते एवढेच की या खोऱ्यात आता ऐन थंडीत घड लटकलेले असतात.

गोदावरी आणि कादवा नांदूरमधमेश्वराकडे उतरत जातात, उत्तरेला चांदवडचे डोंगर. उत्तरेकडे पश्चिमी झंझावात येऊन गेला की आधी ढग असतात, मग आभाळ निरभ्र होते आणि कोरडे वारे सुटतात. वारा वाहतो त्या रात्री गारठा वाटतो, पण हवा ढवळली जात असते. घात होतो तो वारा पडल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. जमीन आणि पाने आपली ऊब आभाळाला देऊन टाकतात, त्यांना लागलेली हवा थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट रानात साठते. ओढ्याकाठची वावरे आणि टेकाडावरची वावरे यांत एकाच गावात तीन-चार अंशांचा फरक पडतो. उताराच्या खालच्या बांधावर दाट शेवरी किंवा शेडनेट लावले असेल तर ते या हवेला बंधाऱ्यासारखे अडवते आणि वरच्या चार ओळी आधी जळतात. अशा ठिकाणी कुंपणाला बुडाशी खिंड पाडणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. कृषी विभागाच्या एकाही पत्रकात तो आमच्या वाचनात आलेला नाही.

आता मोजमापाचे. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. गवताच्या पातीवर किंवा मांडवाच्या माथ्यावरच्या उघड्या पानावर त्याच वेळी दोन ते चार अंश कमी असतात. म्हणून केंद्रात 3 अंश नोंदले तरी पानावरचे दव गोठलेले दिसते. पहाटे मांडवाखाली उभे राहून वर पाहा : आभाळाकडे तोंड असलेले शेंड्याचे पान पांढरे, त्याच्याच आडोशाचे पान ओले. ऊन चढल्यावर शेंड्याचे पान पाण्यात उकडल्यासारखे मऊ पडते आणि दोन दिवसांनी करपते.

थंडीच्या लाटेचा सरकारी निकष मैदानी भागासाठी किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश कमी, नाहीतर थेट 4 अंश, असा आहे. माणसांसाठी तो ठीक आहे. द्राक्षाचे नुकसान बर्फ धरण्याआधीच सुरू होते. फुगवणीच्या काळात किमान 8 अंशांच्या आसपास रेंगाळले की मणी फुगवणाऱ्या जीएचा (जिबरेलिक ॲसिडचा) डोस लागू पडत नाही, मणी लहान राहतो. मण्यात पाणी उतरताना, म्हणजे तो मऊ पडून गोडी भरू लागताना, रात्री कडाका आणि दुपारी तिशीचे ऊन असले की थॉमसनसारख्या हिरव्या वाणात गुलाबी मणी निघतात आणि निर्यातीचा माल बेदाण्याच्या भावात जातो. त्याच अवस्थेत गारठ्यानंतर कोणी घाईने भरपूर पाणी सोडले तर मण्याला तडे जातात.

मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. त्यात जिल्ह्याचे किमान तापमान असते. आम्हाला हवे ते वेगळे आहे : धोक्याच्या दिवशी दुपारी चारपर्यंत, महसूल मंडळागणिक, जमिनीलगतचे किमान तापमान, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते तो आकडा) आणि वारा किती वाजता पडणार. दवबिंदू वर असेल तर दव लवकर पडते आणि दव पडताना बाहेर पडणारी उष्णता घसरण रोखून धरते. हवा कोरडी असेल तर पारा न अडखळता खाली जातो. हा एक आकडा संध्याकाळी हाती आला तर शेतकरी ठरवू शकतो की रात्री जागायचे की झोपायचे.

जागून करायचे काय, तर सल्ल्यात ठरलेले वाक्य असते : शेकोट्या पेटवून धूर करावा. साहेब, हे वाक्य बदलायला सांगा. धुराने जमिनीची ऊब अडत नाही. सूर्य उगवल्यावर मात्र तोच धूर ऊन अडवतो. उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा, आणि तोही एकरी 40-50 लहान शेकोट्या केल्या तर. बांधावर टायर जाळून केलेला एक मोठा जाळ आपली गरम हवा सरळ वर घेऊन जातो आणि भोवतालची थंड हवा आत ओढतो.

पाण्याचा हिशेब जास्त खात्रीचा आहे. विहिरीचे पाणी हिवाळ्यातही चोवीस-पंचवीस अंशांचे असते. ते 4 अंशांवर येईपर्यंत लिटरमागे 20 किलोकॅलरी देते, गोठताना आणखी 80 देते. पण त्याचे बाष्प झाले तर सुमारे 600 काढून घेते. म्हणून नुसती धुक्यासारखी बारीक फवारणी करून बंद केलेला स्प्रिंकलर बाग वाचवत नाही, जाळतो. स्प्रिंकलर लावायचाच तर ताशी किमान 3 मिलिमीटर, म्हणजे एकरी 12 हजार लिटर. पानावर बर्फ धरण्याआधी सुरू करायचा आणि बर्फ वितळेपर्यंत थांबवायचा नाही. ज्यांच्याकडे फक्त ठिबक आहे त्यांनी एक-दोन दिवस आधी वीतभर खोलीपर्यंत जमीन ओली करावी, कडाक्याच्या आठवड्यात कोळपणी करू नये आणि उसाचे पाचट ओळीतून बाजूला ओढावे. भुसभुशीत कोरडी माती आणि पाचट, दोन्ही जमिनीची ऊब वर येऊ देत नाहीत.

आणि इथेच वीज आडवी येते. शेतीला दिवसा वीज द्यावी ही मागणी आमचीच होती. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने ती पुरी होत आली, त्याबद्दल तक्रार नाही. आधी जमीन ओली करण्याचे काम दिवसाच्या विजेवर होते. पण पहाटे तीन ते सात या वेळेत, ज्या चार तासांत बाग राहते किंवा जाते, शेतीच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) पंप चालवणारी थ्री फेज वीज नसते. सौर पंप तर सूर्य उगवल्याशिवाय हलत नाही. आमचे मागणे हंगामभर रात्रीच्या विजेचे नाही. इशारा दिलेल्या मंडळात, इशाऱ्याच्या रात्रीपुरती, रात्री दोन ते सकाळी आठ थ्री फेज ठेवा. हंगामात अशा रात्री बोटांवर मोजण्याइतक्या. इशारा दुपारी चारला आला तर उपकेंद्राला संध्याकाळपर्यंत तयारी करता येईल. मात्र सगळे पंप एकदम सुरू झाले की डीपीवरचा फ्यूज उडतो आणि पहाटे चारला वायरमन सापडत नाही. म्हणून गावनिहाय पाळी आधीच लावून द्यावी लागेल.

विम्याचे एक. हवामानावर आधारित फळपीक विम्यात द्राक्षाला कमी तापमानाचा धोका धरलेला आहे, पण भरपाई ठरते मंडळातल्या केंद्राच्या नोंदीवर. केंद्र टेकाडावर असेल तर खालच्या शिवारात पाने जळूनही नोंद निकषाच्या वर राहते. ‘विंड्स’ या हवामान नोंदींच्या प्रकल्पात गावपातळीवर केंद्रे येत आहेत. जागा ठरवताना प्रत्येक मंडळात निदान एक केंद्र सर्वांत खोलगट भागात बसवा आणि तिथे जमिनीलगतचा संवेदकही लावा.

गोठलेले दव (फ्रॉस्ट) आणि थंडीची लाट केंद्र सरकारच्या अधिसूचित आपत्तींत आहेत, 33 टक्के नुकसानीची अट तिथेही लागू होते. पंचनाम्याला तलाठी दुसऱ्याच दिवशी आले तर पान हिरवेच दिसते, पंधरा दिवसांनी आले तर नवी फूट निघालेली असते. पाहणी चौथ्या ते सातव्या दिवसात व्हावी, आणि गुलाबी मण्यांसाठी काढणीच्या वेळी दुसऱ्यांदा. तसे लेखी आदेश 15 डिसेंबरच्या आत तहसील कार्यालयांत पोहोचले पाहिजेत. विजेच्या पाळीपत्रकालाही तीच मुदत धरावी.

आपले,
निफाड तालुक्यातील काही द्राक्ष बागायतदार