पर्यावरणाची बातमी आणि डॅरिल डि'मॉन्टे

महोदय,

पर्यावरण दिन आला की वृत्तपत्रांत रोपवाटपाची छायाचित्रे झळकतात आणि ६ जूनपासून हा विषय पुन्हा पुरवणीच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. अशा वेळी मार्च २०१९ मध्ये निधन पावलेल्या डॅरिल डि'मॉन्टे यांची उणीव जाणवते. 'इंडियन एक्सप्रेस' आणि 'टाइम्स ऑफ इंडिया' या दोन्ही दैनिकांचे मुंबईत निवासी संपादक राहिलेल्या या पत्रकाराने पर्यावरण म्हणजे केवळ झाडे आणि पक्षी असे कधी मानले नाही. एखादा प्रकल्प अमुकच जागी का आणि त्याची किंमत कोण मोजणार, हे ते विचारत राहिले.

त्यांच्या १९८५ सालच्या 'टेम्पल्स ऑर टूम्ब्ज?' या पुस्तकात केरळमधील सायलेंट व्हॅलीच्या जंगलातला जलविद्युत प्रकल्प, मथुरेचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि अलिबागजवळचा थळ-वायशेतचा खत कारखाना, असे तीन वाद आहेत. सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचले. उरलेले दोन्ही कारखाने उभे राहिले. हरलेल्या लढ्यांची अशी सविस्तर नोंद आपल्याकडे क्वचितच कोणी ठेवतो.

मला मात्र मुंबईच्या कापड गिरण्यांच्या ऱ्हासावरचे त्यांचे 'रिपिंग द फॅब्रिक' (२००२) हे पुस्तक अधिक जवळचे वाटते, कदाचित मी गिरणगावात वाढलो म्हणूनही असेल. १९८२ च्या संपाबद्दल आणि देशोधडीला लागलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले. पण गिरण्यांखालची सुमारे ६०० एकर जमीन हा साऱ्या शहराच्या श्वासाचा प्रश्न आहे, हे पर्यावरणाच्या पत्रकाराने सांगावे, याला वेगळे वजन होते. १९९१ च्या नियमानुसार पुनर्विकासात या जमिनीची एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकांकडे, अशी वाटणी व्हायची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली, आणि गिरणीच्या आवारात अशी जमीन ती किती असणार? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती ग्राह्य धरली.

आपल्या दैनिकाने एखाद्या वार्ताहराला वर्षभर याच कामावर नेमून, कोणत्या गिरणीच्या जागेतून किती मैदान आणि किती घरे प्रत्यक्ष मिळाली, याचा गिरणीनिहाय तक्ता मुख्य अंकात छापावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई