आधी एक मिनिटाची क्लिप, मग कॅमकॉर्डर

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, तुझी छोटी आता पावलं टाकायला लागलीये आणि तू दोन कॅमकॉर्डर बघून ठेवलेस, रविवारी एक घेऊन टाकतो म्हणतोयस. छोटीचं वाचून इतकं बरं वाटलं की काय सांगू. पण कॅमेऱ्याचं वाचून मेसेजमध्ये चार ओळी टाकून भागणार नाही असं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितोय. रविवारपर्यंत थांब जरा.

तू मला झूम किती, स्क्रीन केवढी, फोर-के आहे का हे सगळं लिहिलंस, पण शूट केलेलं तू नंतर कशात एडिट करणार आणि कुठल्या कॉम्प्युटरवर, याबद्दल एक शब्द नाही. माझं म्हणणं एवढंच की सुरुवात तिथून कर. आधी तुझा लॅपटॉप आणि त्यातलं सॉफ्टवेअर, मग कॅमेरा. कारण रेकॉर्डिंग कुठलाही कॅमेरा करतो, पण ती फाइल टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या क्लिप्स कापायच्या पट्टीवर, टाकल्यावर चालली नाही तर ती कार्डातच पडून राहते, आणि छोटीची पहिली पावलं कुणी बघतच नाही.

पूर्वी कॅमेऱ्यात घालायची मिनीडीव्ही कॅसेट होती ना, १९९५ची टेक्नॉलॉजी, तिच्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण साठवलेली असायची, तासाला १३ जीबीच्या आसपास जागा खायची, फायरवायर नावाच्या केबलने कॉम्प्युटरवर घ्यायला तासाच्या टेपला तासच लागायचा, पण एकदा आत आली की जुनं मशीनसुद्धा ती आरामात कापायचं. नंतर २००६मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने मिळून एव्हीसीएचडी हा रेकॉर्डिंगचा प्रकार आणला, त्यात एच.२६४ नावाचं कॉम्प्रेशन (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), म्हणजे पूर्ण चित्र अधूनमधून एकदा आणि मधल्या फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं तेवढंच. म्हणून फाइल लहान होते, पण तू टाइमलाइनवर मध्येच कुठेतरी बोट ठेवलंस की कॉम्प्युटरला ते चित्र आजूबाजूच्या फ्रेम्सवरून तयार करावं लागतं. नुसता व्हिडिओ बघताना त्रास नसतो कारण सगळं ओळीने चाललेलं असतं, एडिटिंगमध्ये मात्र आपण सारखे मागेपुढे उड्या मारतो, तिथे अडकतं. त्याच्या पुढच्या एच.२६५मध्ये तर हे काम आणखी वाढतं.

त्यात तू पाठवलेल्या दुसऱ्या मॉडेलच्या पानावर १० बिट ४:२:२ एच.२६५ असं ठळक लिहिलंय, म्हणजे रंगांची जास्त बारीक माहिती साठवणारा प्रकार, ते वाचून मला खरंच काळजी वाटली. रंगांवर काम करणाऱ्यांसाठी ती गोष्ट उत्तम आहे, पण हा प्रकार हार्डवेअरमध्ये उलगडणं सगळ्या मशीन्सना जमत नाही, इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या ग्राफिक्समध्ये ते आलं आणि एनव्हिडियाच्या कार्डांत तर थेट आरटीएक्स ५० सिरीजमध्ये. तुझा लॅपटॉप त्याच्या आधीचा आहे, म्हणजे सगळा भार प्रोसेसरवर आणि प्लेबॅक ठेचकाळत चालणार. घरच्या व्हिडिओला त्याहून साधं ८ बिट ४:२:० पुरेसं आहे रे, मनापासून सांगतो. सोनीचा एक्सएव्हीसी एस हा रेकॉर्डिंगचा प्रकार किंवा साधा एमपी४मधला एच.२६४ मिळाला तर डोळे मिटून घे.

आता माझ्याबरोबर काय झालं ते सांगतो, हे तुला आधी सांगितलेलं नाही. आज्जीचं बोलणं मी एव्हीसीएचडीवाल्या कॅमेऱ्यावर रेकॉर्ड केलं होतं, सलग तासभर, ती तिच्या लहानपणीचं सांगत होती. कार्ड लावलं, आत फोल्डरमध्ये फोल्डर, प्रायव्हेट, मग एव्हीसीएचडी, मग बीडीएमव्ही, मग स्ट्रीम, तिथे एमटीएस, म्हणजे व्हिडिओच्या, फाइल्स दिसल्या, तेवढ्याच उचलून डेस्कटॉपवर टाकल्या आणि कार्ड फॉरमॅट केलं. पण कार्डावर फाइल्स ठेवायच्या पद्धतीच्या, म्हणजे फाइल सिस्टिमच्या, मर्यादेमुळे कॅमेरा ४ जीबी झाले की पुढची फाइल सुरू करतो, आणि हे तुकडे एकाच रेकॉर्डिंगचे आहेत ही माहिती बाजूच्या फोल्डर्समध्ये असते, जे मी घेतलेच नव्हते. टाइमलाइनवर दोन तुकडे जोडले तर आज्जी म्हणते, "मग आई म्हणाली", खट्, "एकटी जाऊ नकोस". मधलं "थांब" गायब. ते मी दहा वेळा मागेपुढे करून ऐकलं. रात्री झोप नाही लागली त्या एका शब्दासाठी. शेवटी कळलं की शब्द हरवलेला नव्हता, फाइल मधोमध तुटल्यामुळे सॉफ्टवेअर टोकाच्या अर्धवट फ्रेम्स टाकून देत होतं, तुकडे आधी एकामागे एक जसेच्या तसे जोडून एक फाइल केली आणि मग इंपोर्ट केली तेव्हा "थांब" परत आलं. त्यामुळे काहीही घेतलंस तरी कार्ड पूर्ण कॉपी कर, आतलं काही निवडत बसू नकोस, आणि कॉपी उघडून बघितल्याशिवाय फॉरमॅट करू नकोस.

सॉफ्टवेअरचं म्हणशील तर तू डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती टाकलीयस असं मागे म्हणाला होतास, ती विंडोजवर एच.२६४ घेते, पण लिनक्सवर ठेवली असशील तर तिथे फुकट आवृत्ती एच.२६४ उघडतच नाही. तसं असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट टाक, दोन्ही फुकट आणि जवळपास काहीही उघडतात, प्रॉक्सीही बनवतात, म्हणजे हलकी कॉपी करून तिच्यावर काम करायचं आणि शेवटी एक्सपोर्टला मूळ फाइल. एव्हीसीएचडीच्या फाइलचं कधीकधी असं होतं की चित्र येतं पण आवाज येत नाही, कारण आवाज एसी-३ या प्रकारात असतो, जो काही सॉफ्टवेअर वाचत नाहीत, तेही तपासून बघ.

कार्डचंही लिहून ठेवतो. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट, आणि ८ बिटांचा एक बाइट) फोर-के म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. व्ही३० लिहिलेलं कार्ड घे, ते सेकंदाला ३० एमबी सांभाळतं. आणि हार्ड डिस्कचाही विचार आत्ताच कर, वर्षभराचं शूट कुठे ठेवणार आणि दुसरी कॉपी कुठे.

माइकची जॅक आहे का तेही बघ, मुलांचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर लांबून फार बारीक येतो. झूमपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

तर रविवारी दुकानात जाशील तेव्हा स्वतःचं कार्ड ने. दोन्ही कॅमेऱ्यांवर एकेक मिनिट शूट कर, कुणीतरी चालताना आणि बोलताना, तू जो मोड वापरणार त्यातच. पैसे देऊ नकोस, घरी ये, लॅपटॉपवर टाक, चार ठिकाणी काप, मागेपुढे कर, आवाज ऐक, एक्सपोर्ट करून टीव्हीवर लाव. जी क्लिप अडखळली नाही तो कॅमेरा.

बाबांच्या मिनीडीव्ही टेप्स अजून कपाटात असतील तर त्या आधी माझ्याकडे पाठव, माझ्याकडे फायरवायर पोर्टवाला जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे, अॅपलने तर मॅकओएस २६मधून फायरवायर काढूनच टाकलं. कॅमेराही पाठव, टेप चालवायला लागेल. वहिनीला नमस्कार सांग, छोटीला पापा, आणि दोन्ही क्लिप्स मला मूळ फाइल म्हणूनच पाठव, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून नको, तिथे त्या दाबल्या जातात.

तुझाच