कवळीच्या डबीतून आलेली काच

आदरणीय दातांच्या लॅबवाले काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले असते तर ‘असू दे की वो’ म्हणून तुम्ही हात झटकला असता, म्हणून लिहितोय. आणि चारचौघांना दिसेल असं लिहितोय, कारण माझ्या मॉडेल विमानाच्या काचेचं हे काम ज्यांनी टोलवलं त्यांच्याही नजरेला पडलं तर बरंच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हॉकर हरिकेन हे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान. त्याचं 1/32 मापाचं प्लॅस्टिक मॉडेल मी बांधतोय. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा 12.19 मीटर, माझ्या टेबलावर तो 38 सेंटिमीटर होतो. एवढ्या मोठ्या मापात तामिया कंपनीचं स्पिटफायर विमान वगैरे म्हणजे आमच्यासारख्यांनी पेटीवरचं चित्र बघून समाधान मानायचं. रेव्हेल कंपनीचं हरिकेन त्या मानानं खिशाला झेपतं, आणि स्वस्त म्हणून टाकाऊ अजिबात नाही.

पण ज्या ऑनलाइन दुकानदारानं ते मला ‘नवं, सीलबंद’ म्हणून विकलं, त्यानं आधी कुणीतरी उघडलेली पेटी माझ्या गळ्यात मारली. आतली पारदर्शक भागांची पिशवीच गायब. म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची काच नाही, समोरची नाही, काहीच नाही. तक्रार केली. ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो’ असं उत्तर आलं. परत लिहिलं, परत तेच आलं. मग एके दिवशी तक्रार ‘निकाली’ निघाली, काच न येताच. परदेशातून नुसती काच मागवायची तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

इथं बेळगावात विचारलं. प्लॅस्टिक पॅकिंगवाल्या एकानं हजार नगांची ऑर्डर असेल तरच बोला म्हटलं. ते एकवेळ ठीक, त्याचा धंदा आहे. दुसऱ्यानं मॉडेल हातात घेऊन ‘पोराचं काय?’ असं विचारलं. माझंच आहे म्हटल्यावर हसला, आणि हसून झाल्यावर मोबाइल बघत बसला. मी अजून समोर उभाच होतो.

अशा अवस्थेत तुमच्या टिळकवाडीच्या लॅबची पायरी चढलो. दातांवर बसवायच्या पारदर्शक पट्ट्या तुमच्याकडे गरम शीट साच्यावर ओढून करतात, एवढंच ऐकून होतो. मी कोरलेला लाकडी साचा टेबलावर ठेवला. तुम्ही चष्मा वर सरकवून तो फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलंत, ‘काच उघडी ठेवणार, का झाकून?’

काका, हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. हरिकेनची काच मागे सरकते आणि पाठीच्या उंचवट्यावर बसते. किटमधल्या काचा जाड असतात, त्या तशा सरकवल्या की वर तरंगतात. तुम्ही कधी मॉडेल बांधलेलं नाही, पण एक वस्तू दुसरीवर बसवण्यात तुमचा जन्म गेलाय, म्हणून नेमकं तिथंच बोट ठेवलंत. ‘लाकडाच्या रेषा काचंवर उठतील बगा,’ म्हणालात, आणि साच्याचं माप घेऊन तो पिवळ्या डेंटल स्टोनमध्ये, म्हणजे दातांचे साचे ओतायच्या कडक प्लास्टरमध्ये, नव्यानं ओतलात. मशीनचं पुढचं काम इथं सांगत बसत नाही.

मला सांगायचंय ते कार्डाबद्दल. डॉक्टरांकडून येणाऱ्या प्रत्येक कामाला तुम्ही एक छापील कार्ड लावता. तसलंच एक कोरं कार्ड ओढून तुम्ही लिहायला घेतलंत. पेशंटचं नाव: हरिकेन. डॉक्टरांच्या जागी माझं नाव. वरचा जबडा की खालचा, तिथं ‘वरचा’वर खूण. देण्याची तारीख. ते कार्ड साच्यासकट एका डबीत घातलंत आणि डबी कवळ्यांच्या रांगेत ठेवून दिलीत. अगदी शेवटी, पण रांगेत. ओठांवर हसू नव्हतं. मी वेड लागलेला माणूस आहे की काय, हा प्रश्नच त्या टेबलावर उरला नाही. ते एक काम होतं, त्याला तारीख होती.

आणि तारखेला ते झालं. अर्धा मिलिमीटरची शीट, ओढल्यावर आणखी पातळ झालेली, आणि चौकटीची प्रत्येक पट्टी उठलेली. कडा तुम्ही स्वतः घासून दिल्यात. शिवाय कापताना ब्लेड घसरलं तर असू दे म्हणून दुसरी काच कापसात गुंडाळून ठेवली होती. पैसे घेतलेत, ते बरं केलंत. फुकट दिलं असतं तर पुन्हा यायला लाज वाटली असती. दुसरीचे मात्र ‘ती ट्रायल हाय’ म्हणून घेतले नाहीत.

आपल्या बेळगावात अशी माणसं पुष्कळ आहेत, फक्त ती पाटी लावून बसत नाहीत. उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या शेडमध्ये जा, वस्तू हातात घेतल्यावर पहिला प्रश्न ‘माप काय?’ असाच येतो. कशाला हवंय, कुणाला हवंय, हे नंतर चहाबरोबर. मला तर माणुसकी म्हणजे बरंचसं हेच वाटतं.

तुम्ही विचारलं होतंत, इथं बसून हेच विमान का? आपला बेळगावचा, सांबऱ्याचा विमानतळ 1942 साली, ऐन युद्धात, ब्रिटिश हवाई दलानं बांधला. दोन वर्षांनी इंफाळच्या लढाईत आपल्या हवाई दलाचं एक नंबरचं स्क्वाड्रन हरिकेन उडवत होतं आणि त्याचे प्रमुख होते ऐन पंचविशीतले अर्जन सिंग. मी त्याच रंगात विमान रंगवतोय. म्हणून पंखावरच्या हवाई दलाच्या खुणेच्या वर्तुळात एरवीचा लाल ठिपका दिसणार नाही. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, गफलत होऊन आपल्याच तोफा आपल्यावर सुटू नयेत म्हणून त्या आघाडीवर लाल रंग काढून टाकला होता. वर्तुळ नुसतं निळं आणि आत फिकट.

काच बसली आहे. मागे सरकवून ठेवली, कुठं तरंगत नाही. पण पंखांच्या पुढच्या कडेला लँडिंग लाइटची झाकणं असतात, तीही त्याच हरवलेल्या पिशवीत होती. साचे कोरायला घेतलेत, या वेळी लाकूड नाही, एम-सील. कवळ्यांची गर्दी ओसरली की कळवा, घेऊन येतो.

आपला,
वडगावचा विमानवाला